बुरशी जिथे थांबली

धुळ्यात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. माझ्या मावशीची शिंदखेडा तालुक्यात मिरचीच्या रोपांची नर्सरी आहे. त्या पावसाळ्यात तिची रोपं मातीलगत कुजून आडवी व्हायला लागली. काल हिरवागार दिसलेला ट्रे आज जागोजागी मोकळा. औषधं मारून मावशी थकली होती. पडलेली थोडी रोपं मी डब्यात घालून एसटीने कॉलेजात आणली.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या आमच्या मॅडमनी ती पाहिली आणि म्हणाल्या, प्रोजेक्ट मिळाला तुम्हाला. पाण्यात राहणारे काही जिवाणू बुरशीला वाढू देत नाहीत, हे आम्ही वर्गात शिकलो होतो. आपल्या भागातल्या पाण्यात तसं काही सापडतं का ते बघा, असं त्यांनी मला आणि माझ्या जोडीदारणीला सांगितलं. जोडीदारीण माझी मैत्रीणच, धुळ्याची, वडील यंत्रमागावर कामाला. मी घाईची, ती शांत. माझ्यामुळे बाटल्या भराभर जमा झाल्या, तिच्यामुळे त्यांच्यावर नीट चिठ्ठ्या लागल्या.

पांझरा नदीच्या डोहातलं पाणी आणलं, पारोळ्याकडच्या एका विहिरीतलं आणलं, गुरांच्या हौदातलंही सोडलं नाही. काचेच्या बशीत बटाट्याच्या अर्काचा थर, मधोमध मावशीच्या रोपावरची बुरशी आणि कडेला एकेका पाण्याचा थेंब. रोज सकाळी आम्ही बशा उजेडात धरून बघायचो आणि रोज बुरशीचा पांढरा कापूस सगळीकडे पसरलेला दिसायचा. असेच पुष्कळ दिवस गेले. मी विषय बदलायचं बोलायला लागले होते.

मग एका सकाळी मैत्रिणीने माझा हात धरून मला खिडकीशी नेलं. तिच्या हातातल्या बशीत कापूस तीन बाजूंनी काठापर्यंत गेला होता, पण चौथ्या बाजूला अचानक थांबला होता. तिथे एक पिवळसर ठिपका होता आणि त्याच्याभोवती स्वच्छ, रिकामी जागा. मी बशी उलटून चिठ्ठी वाचली. पाणी मावशीच्याच शेततळ्यातलं होतं.

मी नाचलेच. ती मात्र म्हणाली, “पुन्हा करून बघू. पुन्हा थांबली तर मीही नाचेन.”

पुन्हा थांबली. आणि ती खरंच नाचली, अ‍ॅप्रन घालून, मॅडमसमोर.

तो ठिपका वेगळा वाढवला, कुंडीतल्या रोपांवर वापरून पाहिला आणि त्यांना अपाय होत नाही अशी खात्री झाल्यावर मॅडमनी नर्सरीत जायची परवानगी दिली. अर्ध्या ट्रेंना जिवाणूंचं पाणी आणि अर्ध्यांना साधं, असं ठरलं. मावशीला हे मुळीच पटेना. हे नवं औषध हाताशी असताना अर्धी रोपं मरायला का सोडायची, असा तिचा सवाल होता. मैत्रीण ओट्यावर तिच्याशेजारी बसली आणि सावकाश समजावू लागली, की सगळ्यांना दिलं तर रोपं आमच्या पाण्याने वाचली की हवा बदलल्याने, हे कधीच कळणार नाही. मग मावशीने उठून स्वतः ट्रे दोन बाजूंना मांडले.

काही दिवसांनी मावशीचा फोन आला. “आठे ये. उभा शेतस,” एवढंच अहिराणीत म्हणाली: इकडे ये, रोपं उभी आहेत.

आम्ही मिळेल त्या गाडीने निघालो. शेडनेटमध्ये शिरल्या शिरल्या दिसलं. डावीकडचे ट्रे भोकं पडल्यासारखे, उजवीकडे, जिवाणूंचं पाणी दिलेल्या बाजूला, दाट हिरवं. उजवीकडचीही काही रोपं पडली होती, मैत्रिणीने ती लगेच मोजायला घेतली. पण मावशी त्या हिरव्यावरून हात फिरवत होती.

पुढच्या आठवड्यात मावशी आपण होऊन कॉलेजात आली. वाचवणारं आहे तरी कोण, ते तिला बघायचं होतं. मॅडमनी मायक्रोस्कोप लावून दिला. मावशीने एक डोळा मिटला, दुसरा टेकवला आणि कितीतरी वेळ हललीच नाही. बारीक बारीक काड्या पाण्यात सैरावैरा पोहत होत्या.

“बठ्ठा पयी राहिनात,” सगळे पळताहेत, असं ती हळूच म्हणाली, आणि मॅडमच्या स्टुलावरून न उठता पुन्हा डोळा लावून बसली.