बिनतारी मेहुणे

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान आयुष्यभर यंत्रांना एकमेकांशी बोलायला शिकवत आले आणि स्वतः मात्र चारचौघांत तोंड उघडतील तर शपथ. 'बिनतारी' हे नाव त्यांना आमच्या वडिलांनी दिलं. पहिल्यांदा घरी आले तेव्हा वडिलांनी विचारलं, काय करता? ते म्हणाले, मध्ये तार नसताना एका यंत्राचा निरोप दुसऱ्या यंत्राला नीट कसा पोचेल, त्याचे प्रोग्राम लिहितो.

"आणि माणसांचे निरोप?" वडिलांनी विचारलं.

यावर त्यांनी इतका विचार केला की आई चहा घेऊन आली, आम्ही तो प्यायलो, कपबशा आत गेल्या, आणि मग ते म्हणाले, "ते अजून जमलेलं नाही."

वडील एकदम खूश. मी नव्हते. मला वाटलं, माझी चुरुचुरु बोलणारी बहीण या दगडाशी संसार कसा करणार? पण तिचं आधीच ठरलेलं होतं. तिचं चष्म्याचं दुकान होतं, घराच्याच खालच्या मजल्यावर. शिकून, परीक्षा देऊन, स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं. तिथे हे गृहस्थ सारखे यायचे, चष्म्याच्या काडीचा स्क्रू ढिला झाला म्हणून. ती पिळून द्यायची, ते मान लववून जायचे, की पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर. स्क्रूवर सुरीच्या टोकाचे ओरखडे तिला दुसऱ्याच खेपेला दिसले होते. मला सांगून हसली. मी म्हटलं, मग विचारून टाक ना त्यांना, हा काय पोरखेळ? ती म्हणाली, "नको. बोलतील ते. वेळ लागेल, पण बोलतील." मी तिच्या जागी असते तर तिसऱ्या खेपेला चष्मा हातात देऊन वाटेला लावलं असतं. तिने अख्खा हिवाळा काढला.

मेहुण्यांचं काम नेमकं काय, हे मला बरीच वर्षं कळलं नाही. विचारलं की ते कागदावर चौकोन काढायचे आणि बाण जोडायचे, तोवर माझा धीर संपायचा. एकदाच त्यांनी नीट सांगितलं, तेही चौकोनांशिवाय, आणि तेवढं माझ्या पक्कं लक्षात राहिलं.

त्यांची पहिली नोकरी एका लहानशा कंपनीत होती. डोंगरात, नदीच्या वरच्या अंगाला, जागोजागी पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं बसवली होती. खालच्या ऑफिसातलं यंत्र रेडिओवरून विचारायचं, किती पाणी आहे? वरचं यंत्र आकडा सांगायचं. उत्तर आलं नाही की खालच्याने पुन्हा विचारायचं. किती वेळ वाट पाहून पुन्हा विचारायचं, हे तिथल्या साहेबांनी ठरवलं होतं, आणि साहेब माझ्यासारखेच उतावळे. मग एका वादळात डोंगरावरची सगळी यंत्रं एकदम मुकी झाली. ऐन नदी चढायच्या वेळी. साहेब म्हणाले, वीज पडली, सगळी जळली, नवीन न्या. आमचे मेहुणे तेव्हा कंपनीत सगळ्यांत नवखे. ते नुसता एक रेडिओ घेऊन वर गेले, एका यंत्राच्या पेटीशेजारी ताडपत्री पांघरून बसले आणि कानाला लावून ऐकत राहिले.

यंत्रं ठणठणीत होती. प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होती. फक्त खराब हवेत उत्तराला उशीर होत होता, आणि ते खाली पोचायच्या आत ऑफिस पुन्हा विचारत होतं. वाटेत प्रश्न आणि उत्तर एकमेकांवर आदळायची, दोन्ही फुकट जायची. मग ऑफिस आणखी घाईने विचारायचं. जितकं जास्त विचारावं तितकं कमी ऐकू यावं, असा प्रकार. मेहुण्यांनी खाली येऊन प्रोग्राममध्ये थांबायचा वेळ वाढवला, आणि एकदा उत्तर नाही आलं तर पुढच्या वेळी आणखी थांबायचं, अशी सोय केली. संध्याकाळपर्यंत डोंगर बोलायला लागला. "एवढंच होतं होय?" साहेब म्हणाले. एवढंच होतं, म्हणून कौतुकही तेवढंच झालं.

पुढे पेजर आले आणि गेले, मोबाइल आले, शेवटी तर पाण्याचे मीटरही रेडिओवर बोलायला लागले. कंपन्या बुडाल्या, एकमेकींना गिळत गेल्या, मेहुण्यांचं टेबल या इमारतीतून त्या इमारतीत गेलं. काम तेच राहिलं. पलीकडचा गप्प आहे तो बंद पडलाय म्हणून, की त्याचं अजून बोलून व्हायचंय म्हणून, हे ओळखायचं. साहेब ते कधीच झाले नाहीत. त्यांच्याबरोबरचे लोक म्हणायचे, बैठकीत यांचं उत्तर येतं तेव्हा बाकीचे जेवायला गेलेले असतात. घरी मात्र धाकटी दोघांच्या वाटचं बोलायची. दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायची, आणि हे ताटावर बसून, घास हातात तसाच धरून, हसत राहायचे.

ते निवृत्त झाले आणि वर्षाच्या आतच धाकटीला पक्षाघाताचा झटका आला. दुकानातच, काच पुसता पुसता. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतंय, फक्त शब्द सापडत नाहीत. हॉस्पिटलात बोलण्याचे व्यायाम घेणारी एक तरुण मुलगी होती. तिने आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं, एका वेळी एकानेच बोला, त्यांना शब्द शोधू द्या, त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. आम्ही माना डोलावल्या, घरी आलो आणि आपलंच खरं केलं.

माणसं प्रेमाने किती छळू शकतात ते मी त्या दिवसांत पाहिलं, आणि त्यात मी कोणाच्या मागे नव्हते. ती 'प' म्हणाली की पाणी, पंखा, पांघरूण, पेपर, चारी बाजूंनी मारा सुरू. बिचारी एकेकाच्या तोंडाकडे बघायची, पुन्हा सुरुवात करायची, तेवढ्यात कोणीतरी उशीच आणायचं. मग डोळे मिटून म्हणायची, "हो." हा एक शब्द तिला आयता सापडायचा. पाणी हवं? हो. नको? हो.

मेहुणे वरच्या खोलीत जाऊन बसले. आठवडेच्या आठवडे खपून त्यांनी तिच्यासाठी एक टॅब्लेट तयार केला. चित्रं दाबली की त्यातली बाई बोलायची. एक अक्षर दाबलं की पुढचा शब्द तो स्वतःच सुचवायचा. हे तिच्या शेजारी बसून विचारायचे, "हेच ना? की हे? बघ, हे असेल." इतकं बोलताना मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. धाकटीने दोन-तीन दिवस सोसलं. मग तो टॅब्लेट दिसेना. सापडला धुण्याच्या यंत्रात, चादरीखाली. मी वेळेवर चादर उचलून पाहिलं म्हणून, नाहीतर धुवूनच निघाला असता.

मी तो त्यांच्या हातात दिला. मला वाटलं, माणूस खचेल. ते तिथेच, धुण्याच्या यंत्राला टेकून, चांगले उभे राहिले. मी दोरीवरच्या वाळलेल्या चादरींच्या घड्या घालून परत आले तरी तिथेच.

"ताई," ते म्हणाले, "लाइन बंद नाहीये. हळू आहे. मीच सारखा विचारतोय."

तेव्हा त्यांनी मला ती डोंगराची हकिकत सांगितली. टॅब्लेट कपाटात गेला. दुसऱ्या दिवसापासून ते तिच्याजवळ बसायचे, एक काहीतरी विचारायचे आणि गप्प राहायचे. गप्प राहणं त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

पण तोवर एक घोडं भलतीकडेच धावलं होतं. माझी भाची, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, दूरच्या शहरात राहते. पोरगी गुणाची, आईवर जीव टाकणारी. तिने मनाशी ठरवलं की आई-बाबांना आपल्याकडे न्यायचं आणि दुकान देऊन टाकायचं. एक औषधांचा दुकानदार ते घ्यायला तयार होता. फोनवर तिने आईला विचारलं, आई, दुकान देऊन टाकू ना? आई म्हणाली, हो. मग काय, सगळं ठरल्यातच जमा. रविवारी ती आणि जावई गाडी घेऊन आले. दुकानाच्या चाव्या भाचीने खिळ्यावरून काढून पर्समध्ये टाकल्या. संध्याकाळी तो दुकानदार त्या न्यायला येणार होता.

जेवणं झाल्यावर आम्ही टेबलाभोवतीच बसलो होतो. भाचीने तिकडच्या घराचं वर्णन केलं. खाली बाग, लिफ्ट, दवाखाना कोपऱ्यावर. खोटं काहीच नव्हतं. शेवटी तिने आईचा हात धरून विचारलं, "आई, तुला चालेल ना गं? दुकान देऊ ना?"

"हो," धाकटी म्हणाली.

भाचीने सुस्कारा सोडला. जावई उठायलाच लागले. तेवढ्यात मेहुणे म्हणाले, "ती पोचपावती आहे."

कोणाला काही कळेना. त्यांनी नेहमीसारखा वेळ घेतला आणि सांगितलं, "तुझा प्रश्न तिला पोचला, एवढंच ती सांगतेय. उत्तर अजून यायचंय."

भाची चिडली. दमलेलीही होती. "बाबा, तुम्हाला यायचं नाहीये का? तसं सांगा ना सरळ."

"मला चालेल," ते म्हणाले. "तिकडे मला सोपंच जाईल. पण मला उत्तर ठाऊक नाही, आणि तुलाही नाही. बस जरा."

आम्ही बसलो. बसणं म्हणजे काय शिक्षा असते ते मला विचारा. फ्रिज गुरगुरत होता. जावई टेबलावरचे कण बोटाने गोळा करत होते. धाकटीने सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच सगळे जमूनही कोणी काही विचारत नव्हतं. तिचे ओठ हलले.

"च..."

"चहा?" भाचीच्या तोंडून निसटलंच. बापाने तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिने ओठ दाबून धरले. माझ्याही जिभेवर चपला, चादर, चमचा सगळं येऊन उभं होतं. मी हाताने टेबलाची कड धरून ठेवली.

धाकटीने डोळे मिटले. आम्हाला वाटलं, संपलं, दमली. मेहुणे हलले नाहीत. तिचा डावा हात टेबलावर काहीतरी पिळल्यासारखा फिरत होता.

"चाव्या," ती म्हणाली. आणि मग, पुष्कळ वेळाने, "माझ्या."

भाचीने पर्स उघडली. तिने जुडगा आईपुढे ठेवला, आणि धाकटीने तो डाव्या हाताने ओढून मांडीवर घेतला, लहान मूल खेळणं घेतं तसा. भाची तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मग नाक पुसलं आणि त्या दुकानदाराला फोन करून, आमचं जमत नाही, माफ करा, असं सांगितलं. जावयांनी जाऊन चहा ठेवला. तसा तो मुलगा शहाणा आहे.

आता दुकान सकाळी उघडतं. डोळे तपासायला शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाई ठरलेल्या दिवशी येतात. बाकी काड्या, नाकाच्या पट्ट्या, स्क्रू हे धाकटी बघते. फ्रेम मेहुणे दोन्ही हातांनी धरतात, ती डाव्या हाताने पेचकस फिरवते. तिचा उजवा हात म्हणजे आता तेच. धंदा फारसा नाही, आणि मेहुण्यांना काउंटरवर उभं केलं तर कसा होणार? गिऱ्हाइकाने किंमत विचारली तरी हे विचारात पडतात. मागे एक बाई धाकटीला विचारत होत्या, चष्मा कधी मिळेल? ती शब्द शोधत होती, तोवर बाईंनी पुन्हा विचारलं, मग मोठ्याने विचारलं. मेहुणे म्हणाले, "पोचलंय त्यांना. येतंय उत्तर." "उद्या," धाकटी म्हणाली. बाईंना तेवढंच हवं होतं.

परवा मी गेले तेव्हा दुकानात कोणी नव्हतं. मेहुण्यांनी स्वतःचा चष्मा काढून तिच्यापुढे ठेवला. काडी लोंबत होती. तिने तो उजेडाकडे धरला, भिंग लावून स्क्रू पाहिला, आणि मग कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली.

"मुद्दाम," ती म्हणाली. अजिबात न अडखळता.

मेहुणे विचारात पडले. ती थांबली. माझ्याने काही तिथे बसवेना, म्हणून मी वर जाऊन चहा ठेवला, उतू जाऊ दिला नाही, गाळला, तीन कप घेऊन जिना उतरले. खाली आले तेव्हा ते म्हणत होते, "हो."