डावीकडची काच

उत्तर सिक्कीममध्ये आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीची एक छोटी डिटॅचमेंट, म्हणजे तुकडी, होती. आठ गाड्या, पत्र्याच्या बराकी, एक वायरलेस सेट आणि वर्षातले बहुतेक दिवस धुकं. तिथे पोस्टिंग झालं तेव्हा मी हवालदार होतो. माझं गाव होटगी, सोलापूरला लागून असलेलं रेल्वे जंक्शन. थंडी म्हणजे डिसेंबरात पहाटे अंगावरची चादर डोक्यापर्यंत ओढायची, एवढीच तिची माझी ओळख. वर पोचल्यावर पहिले आठ दिवस मी फक्त नाक शाबूत आहे का ते चाचपत होतो.

सिव्हिलमधल्या, म्हणजे फौजेबाहेरच्या, लोकांना वाटतं, पहाडात गाडी चालवायची म्हणजे दरीची भीती. दरी दिसली तर भीती वाटणार ना. आमची रोजची कटकट होती ती समोरच्या काचेची. बाहेर गारठा, आत दोघातिघांचे श्वास, ओले कोट, ओले बूट. इंजिन सुरू करून बराकीचं वळण घेईपर्यंत काच आतून पांढरी व्हायची. गाड्या जुन्या होत्या. हीटरची ऊब कशीबशी बुटांपर्यंत यायची आणि काचेपर्यंत पोचायच्या आत दमायची.

म्हणून ड्रिल ठरलेलं होतं. कितीही थंडी वाजो, दोन्ही बाजूच्या काचा चार बोटं खाली ठेवायच्या. आतली ओली हवा बाहेर गेली की समोरचं दिसतं. निघण्याआधी काचेवर आतून साबणाची कोरडी वडी फिरवायची आणि फडक्यानं चकचकीत करायची. वाटेत काच पुसायची ती कोरड्या कापडानं. तळहात लावायचा नाही. हाताचा तेलकटपणा काचेवर बसतो आणि समोरून लाइट आला की सगळं धूसर होतं. ड्रायव्हरचे दोन्ही हात स्टीअरिंगवर असतात, त्यामुळे काच हे को-ड्रायव्हरचं काम.

माझा को-ड्रायव्हर होता सिपाही अंबादास. तो सोलापूरच्या पूर्वभागातला, विणकरांच्या घरचा. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, फौजेत हिंदी, आणि तिन्ही भाषा एकाच वेगानं बोलायचा. वडील घरातच पॉवरलूमवर टॉवेल विणायचे. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. अंबादास सुट्टीहून परतला की त्याच्या ट्रंकेत कपडे कमी आणि टॉवेल जास्त असायचे. आमच्या आठही गाड्यांच्या काचा सोलापुरी टॉवेलनं पुसल्या जायच्या, आणि आम्हा दोघांना त्याचा भलता अभिमान होता.

एकदा एका नाईकानं त्याच्याकडून नवाकोरा टॉवेल घेतला आणि तसाच काचेवर चालवला. पाणी इकडचं तिकडे झालं, काच होती तशीच. नाईक वैतागला. अंबादास पोट धरून हसला आणि मला म्हणाला, “अण्णा, ह्यांस्नी सांगा की. नव्या टॉवेलला खळ असती. त्यो पानी पीत न्हाय, नुसतं फिरवतो. चार धुण्या खाऊ द्या म्हनावं त्याला.”

त्याच्याकडे एक जुना टॉवेल होता, धुऊन धुऊन मऊ पडलेला. निळ्या पट्टीचा. तो फक्त आमच्या गाडीचा. काच पुसली की अंबादास दर वेळी विचारायचा, “दिसतंय का, अण्णा?” मी म्हणायचो, “दिसतंय की.” कधी मी चिडवायचो, “तुझं थोबाड तेवढं दिसतंय. रस्ता दाखव.” मग तो पुन्हा पुसायचा. दिवसातून शंभरदा हे चालायचं, आणि आम्हाला त्याचा कंटाळा आला नाही.

त्या वर्षी तो सुट्टीहून आला तो खोकतच. अ‍ॅक्लमटायझेशनचे म्हणजे विरळ हवेची सवय करून घ्यायचे दिवस त्यानं खालच्या कॅम्पमध्ये नियमाप्रमाणे काढले होते. तिथे मेडिकलवाल्यांनी विचारलं तेव्हा आणि वर आल्यावर आम्ही विचारलं तेव्हा त्याचं उत्तर एकच होतं.

“काय न्हाय ओ. लूमचा खोकला हाय. सुट्टीत बाबांच्या जागी मागावर उभा ऱ्हायलो, कापसाची धूळ नाकात गेली. आमच्या घरात समदेच खोकत्यात.”

हे खरंच होतं. पूर्वभागात कुठल्याही गल्लीत जा, मागाच्या खडखडाटात कुणीतरी खोकत असतंच. कुणी त्याला आजार म्हणत नाही. अंबादास त्या आवाजात जन्मला, त्या आवाजात झोपायला शिकला. त्याच्या लेखी खोकला ही घरातली वस्तू होती. फुप्फुसात पाणी भरायला लागतं तेव्हाही माणूस खोकतो. फौजेत त्याला हॅपो म्हणतात. उंचीवर तो कुणालाही गाठतो, आणि त्यावर खरं औषध एकच, माणसाला लवकरात लवकर खाली नेणं. सुरुवातीला तो आणि लूमचा खोकला सारखेच ऐकू येतात. मला आजही त्या खोकल्याचा राग येतो.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या फॉल-इनमध्ये, हजेरीच्या रांगेत, तो उभा राहिला आणि खाली बसला. ओठ निळे पडले होते. छातीतून हुक्का ओढल्यासारखा आवाज येत होता. आमचा नर्सिंग असिस्टंट शिबू केरळचा, कमी बोलणारा. त्यानं छातीला कान लावला आणि उठून सरळ नायब सुभेदार साहेबांकडे गेला.

साहेब वायरलेसवर बसले. मी दारात उभा होतो.

“कॅज्युअल्टी एक. हॅपो. एअर इव्हॅक मागतोय. ओव्हर.”

खरखर झाली. मग उत्तर आलं. “निगेटिव्ह. व्हिजिबिलिटी झीरो. बाय रोड आणा. ओव्हर.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “हवालदार, कितना टाइम?”

“चार घंटे, साब. काच साफ रहा तो.”

“जाओ.”

आमची अँब्युलन्स आदल्या दिवशीच एका पाय मोडलेल्या जवानाला घेऊन खाली गेली होती. बाकी सगळे अवजड ट्रक, राहिली माझी छोटी गाडी. अंबादासला आडवं केलं की श्वास लागेना, म्हणून त्याला बसवूनच न्यायचं ठरलं. नीट टेकून बसायला जागा एकच होती, पुढची, डावीकडची. त्याची रोजची. शिबू सिलेंडर घेऊन मागे बसला. मास्क लावला, दोन ब्लँकेटं गुंडाळली, वरून अंबादासच्याच ट्रंकेतली चादर. निघालो तेव्हा सात वाजत आले होते.

पहिल्याच वळणावर काच पांढरी झाली. सवयीनं मी माझ्या बाजूची काच चार बोटं खाली केली. गार वारा आत शिरला आणि अंबादासला असा खोकला आला की तो पुढे वाकला. मास्कमध्ये गुलाबी फेस दिसला.

“बंद करो!” शिबू ओरडला. “ठंड लगा तो और बिगड़ेगा.”

मी काच वर केली. समोरचं गेलं.

पुढचा सगळा रस्ता एवढ्याच एका गोष्टीचा आहे. काच उघडली तर मला दिसायचं आणि अंबादासला श्वास मिळायचा नाही. काच बंद केली तर त्याला ऊब मिळायची आणि मला आंधळ्यासारखं चालवावं लागायचं. दिसत नाही म्हणून हळू जावं, तर सिलेंडर संपणार. जोरात जावं, तर तिघंही नदीत. नोकरीत मी अवघड रस्ते पुष्कळ चालवले. असा कोंडमारा पुन्हा झाला नाही. वळण आलं की मी माझी काच क्षणभर खाली करायचो, मान बाहेर काढून कडा बघायचो, पुन्हा वर. दर वेळी तो खोकायचा. दर वेळी मी मनातल्या मनात त्याची माफी मागायचो.

मधेच समोरच्या काचेवर काहीतरी हललं. बघतो तर निळ्या पट्टीचा टॉवेल. ब्लँकेटमधून एक हात बाहेर काढून अंबादास काच पुसत होता.

“हात आत घे,” मी म्हणालो. “गप बस.”

त्यानं ऐकलं नाही. वीतभर जागा साफ केली, दम खाल्ला, मास्क बाजूला सारून विचारलं, “दिसतंय का, अण्णा?”

“दिसतंय की.”

मला काहीही दिसत नव्हतं. त्याची वीतभर जागा त्याच्यासमोर होती, माझ्यासमोर नव्हती. तरी मी दिसतंय म्हणालो, कारण नाही म्हटलं असतं तर तो पुन्हा हात उचलून माझ्या बाजूला वाकला असता. शिबूनं त्याचा मास्क नीट बसवला. थोड्या वेळानं तो पुन्हा पुसायला लागला. पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. असं तीन-चारदा झालं असेल. मग टॉवेल त्याच्या मांडीवर पडला आणि तिथेच राहिला.

त्यानं डोकं डावीकडच्या काचेला टेकवलं. मास्कच्या बाजूनं सुटणारा श्वास त्या काचेवर पडायचा आणि बशीएवढा पांढरा डाग उमटायचा. श्वास आत घेतला की डाग कडेनं आक्रसायचा, सोडला की पुन्हा पसरायचा. मी एक डोळा रस्त्यावर आणि एक त्या डागावर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच मला काचेवर धुकं हवं होतं.

मधल्या चेकपोस्टवर दरड पडली होती. डोझर काम करत होता. गाडीतल्या छोट्या वायरलेसवर साहेबांचा आवाज आला. “लोकेशन? ओव्हर.”

“चेकपोस्टला थांबलोय, साब. रोड ब्लॉक. ओव्हर.”

सेट खरखरला. मग, “पेशंट?”

मी डावीकडे बघितलं. डाग होता. लहान, पण होता. “है, साब,” मी म्हणालो.

रस्ता उघडला. आम्ही उतरत गेलो. खाली हवा जरा कमी बोचरी झाली, धुक्याचा पाऊस झाला, शिबूनं दुसरा सिलेंडर जोडला. मला वाटायला लागलं की जमेल. खरंच वाटायला लागलं. समोरची काच कडांपासून आपोआप मोकळी होत होती. नदीवरचा पूल दिसला, पुलापलीकडे हॉस्पिटलची लाल छपरं दिसली. सकाळपासून पहिल्यांदाच मला खरोखर दिसत होतं, आणि हे त्याला सांगावं म्हणून मी वळलो.

“अंबादास, दिसतंय रे. सगळं दिसतंय.”

डावीकडची काच स्वच्छ होती. तिच्यातून नदी आरपार दिसत होती.

“गाडी रोको,” शिबू म्हणाला.

पुलाच्या तोंडाशी गाडी थांबवली. शिबूनं त्याला रस्त्यावर घेतलं आणि पावसात छातीवर दाब देत राहिला. मी मास्क धरला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. हॉस्पिटल समोर दिसत होतं. शेवटी आम्ही त्याला उचलून परत त्याच्या जागेवर बसवलं आणि पूल ओलांडला. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि हात माझ्या खांद्यावर ठेवला.

त्याला गोळी लागली नाही. वर्तमानपत्रात काही आलं नाही. पार्थिवासोबत मी सोलापूरला आलो. मानवंदना झाली, तिरंगा घडी करून वडिलांच्या हातात दिला. तेराव्यानंतर पुन्हा घरी गेलो तेव्हा माग चालू होता. मला बघून वडिलांनी तो बंद केला. आई आतून आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

वडिलांनी मला एकच विचारलं. “गाडीत थंडी हुती का ओ लई?”

“न्हाय, मामा,” मी म्हणालो. “काचा बंद हुत्या.”

“बरं केलं,” ते म्हणाले आणि खोकायला लागले. आईनं पाणी आणलं. खोकला थांबेना, तसे ते हातानंच, काही नाही, काही नाही, असं मला खुणावत राहिले. मी त्यांना डॉक्टरकडे चला म्हणालो. पुढेही कितीदा म्हणालो. “लूमचा हाय,” ते म्हणायचे. दोन पावसाळ्यांनी तेही गेले.

आता मी सोलापूरच्या शुक्रवार पेठेत राहतो आणि लोकांना गाडी चालवायला शिकवतो. शिकणारा उजवीकडे बसतो, मी डावीकडे, को-ड्रायव्हरच्या जागी. पावसाळी गारठ्याच्या सकाळी सोलापुरातही काचा धूसर होतात आणि शिकणारा हमखास तळहातानं पुसतो. मी ओरडतो. मग सांगतो की एसी लाव, हवा काचेवर सोड, बाहेरची हवा आत येऊ दे. एक बटण दाबायचं, काच मिनिटभरात साफ. इतकं सोपं आहे ते.

तरीही एक जुना टॉवेल मी मांडीवर ठेवतो. काच पुसून विचारतो, “दिसतंय का?” शिकणारे बिचारे घाबरून म्हणतात, “दिसतंय की, सर.” मी त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही. त्यांच्या बाजूला वाकून स्वतः बघतो, मगच गाडी हलवू देतो.

परवा एक बँकेतल्या बाई शिकायला होत्या. समोरची काच साफ झाली. त्यांचं लक्ष माझ्या बाजूला गेलं. तिथे माझ्या श्वासाचा डाग उमटला होता, बशीएवढा. त्यांनी टॉवेलसाठी हात पुढे केला.

“सर, तुमच्या बाजूची पण पुसू का?”

“नको,” मी म्हणालो. “ती राहू द्या.”