फाटकावरची लिंबू-मिरची

एडिनबराबाहेरच्या खेड्यात मुलाने घर घेतलं. मोकळी हवा, मागे सफरचंदाचं झाड, सगळं सुख होतं. फक्त घर विकून गेलेला म्हातारा रोज काठी टेकत यायचा, फाटकाशी उभा राहून बाग बघायचा आणि टोपी उचलून निघून जायचा.

"नजर लावतो मेला," म्हणून मी फाटकाला लिंबू-मिरची बांधली.

दुसऱ्या दिवशी त्या लिंबू-मिरचीला बोट लावून म्हातारा मुलाशी बोलला. मुलगा हळूच म्हणाला, "आई, त्यांची बायकोही इथेच पाखरांसाठी खाऊ टांगायची. पण ते म्हणतात, इथली पाखरं लिंबू खात नाहीत."

म्हाताऱ्याने खिशातून शेंगदाण्यांची जाळी काढून मला दिली. मी लिंबू सोडलं आणि तिथे जाळी बांधली. त्याने टोपी उचलली. मला वर बघवेना.