पेनीफादर हाइट्सची दुसरी लिफ्ट

“दूसरी लिफ्ट? कौन-सी दूसरी लिफ्ट?” गुलाटीने विचारलं. त्याच्या पाठीमागे भिंतीवर लटकलेल्या नकाशात दोन लिफ्ट स्पष्ट दिसत होत्या.

गुलाटी गुडगावातला बिल्डर, मी त्याचे फ्लॅट विकणारा ब्रोकर. घासाघीस मी सरोजिनी नगरच्या फुटपाथवर शर्ट विकता विकता शिकलो. त्यामुळे कोणी शब्द फिरवला की माझं डोकं फिरतं. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधल्या दहा-बारा मराठी कुटुंबांना मी दोन लिफ्टचा शब्द दिला होता. त्यांचे पुढारी ढेकणे साहेब, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अंडर सेक्रेटरी, रिटायरमेंटला टेकलेले. क्वार्टर सोडावं लागणार होतं. वहिनींचे गुडघे गेलेले आणि पसंत केलेला फ्लॅट सातव्या मजल्यावर. गुडगावच्या विजेचा दाब वर-खाली होऊन मोटारी जळतात, हे तर सगळ्यांना ठाऊकच. एकच लिफ्ट असली आणि ती बिघडली तर वहिनी घरातच कैद.

गुलाटीचं गणित वेगळं होतं. लिफ्ट जिच्यातून वर-खाली जाते त्या उभ्या पोकळीला शाफ्ट म्हणतात. प्रत्येक मजल्यावर स्लॅब टाकून शाफ्ट बंद केला की तिथे एकेक स्टोअर रूम होते, आणि ती वेगळी विकता येते. स्लॅब त्याच आठवड्यात पडणार होता. एकदा पडला की विषय संपला.

तेव्हा परदेशी कंपन्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या. मोहरीच्या शेतात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक इमारतीला इंग्रजी नाव लागे. गुलाटीने आपल्या इमारतीचं नाव मसुरीच्या एका पडक्या बंगल्याच्या फाटकावरून उचललं होतं. पेनीफादर हाइट्स. “पेनी माने पैसा, फादर माने बाप. पैसे का बाप!” असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. इमारतीला पाणी नव्हतं, पण गेटवर पितळी अक्षरं चढली होती.

रविवारी सगळी कुटुंबं साइटवरच्या ऑफिसात आली. मी ओळख करून दिली.

“ढेकणे? इसका मतलब क्या हुआ जी?”

“खटमल,” आमच्यातले पोटफोडे हौसेने म्हणाले.

गुलाटी खुर्चीसकट हसला. “आइए, खटमल साहब! खटमल को लिफ्ट की क्या ज़रूरत? वो तो दीवार चढ़ जाता है!”

माझा हात टेबलावरच्या पेपरवेटकडे गेला. ढेकणे साहेबांनी पेपरवेट शांतपणे बाजूला सरकवला.

“गुलाटीजी, और ये पेनीफादर कौन थे?”

“अंग्रेज़ लॉर्ड होगा कोई.”

“अंग्रेज़ तो हैं. आडनाव दुर्मीळ आहे, इंग्लंडमध्येसुद्धा क्वचित सापडतं.” साहेब आता आम्हा सगळ्यांना सांगू लागले. “जुन्या इंग्रजीत पेनीफादर म्हणजे चिक्कू माणूस. बाप पोराला जपतो तसा जो पैशाला जपतो, घराबाहेर पडू देत नाही, तो. आधी चिडवायचं नाव होतं. मग त्याच्या पोराबाळांना आडनाव म्हणून चिकटलं.” मग गुलाटीकडे वळून म्हणाले, “मतलब, कंजूस. आपने गेट पर कंजूस हाइट्स लिखा है.”

“तुम्हाला कसं माहीत?” मी विचारलं.

“आयुष्यभर ऑफिसात खटमल ऐकलं हो. मग दुसऱ्यांची आडनावं उघडून बघायची सवय लागली.”

गुलाटीचा विश्वास बसेना. त्याने लंडनच्या चुलतभावाला फोन लावला. डिक्शनरीत बघतो म्हणून भावाने थांबवलं. थोड्या वेळाने फोनमधलं हसणं मला टेबलापलीकडून ऐकू आलं.

गुलाटीने रिसीव्हर ठेवला. “नाम बदल देंगे.”

“बदलो,” मी म्हणालो. “ब्रोशर, होर्डिंग, बँक के काग़ज़, सब बदलो. और जो बुकिंग कर चुके हैं, उनको वजह भी बताना.”

“तो क्या करूँ?”

“नाम रहने दो. दो लिफ्ट हों तो ये नाम मज़ाक है. एक हो तो गवाही. कल कोई अंग्रेज़ किरायेदार आएगा, गेट पर कंजूस पढ़ेगा, अंदर एक लिफ्ट के आगे लाइन में लगेगा और बोलेगा, वाह, बोर्ड तो ईमानदार है!”

“तू मेरा आदमी है कि इनका?”

“कमीशन आपका, ज़बान मेरी.”

गुलाटी लालबुंद झाला. तेवढ्यात प्लास्टिकच्या खुर्चीतून ढेकणे वहिनी गुडघा चोळत उठल्या. “अहो, चला. याला जमायचं नाही. आणि जाता जाता बसस्टॉपवर सगळ्यांना त्या नावाचा अर्थ सांगा.”

सगळी कुटुंबं गेटकडे निघाली. पितळी अक्षरांखाली पोचली, तेव्हा मागून आवाज आला, “रुको भाई! खटम... ढेकणे साहब! लगेगी, दूसरी भी लगेगी!”

मी तिथल्या तिथे कॉन्ट्रॅक्टरला बोलावून शाफ्टवर स्लॅबसाठी ठोकलेलं फळ्यांचं शटरिंग काढायला लावलं. बिल्डरच्या तोंडी शब्दावर मी कधीच घरी गेलेलो नाही.

उद्‌घाटनाला दुसऱ्या लिफ्टपुढे नारळ वहिनींनी फोडला. ढेकणे साहेबांना शाल मिळाली. गुलाटीने भाषणात पेनीफादर म्हणजे गरिबांना पैसे वाटणारा दयाळू पिता, असं सांगून टाकलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. लिफ्टमध्ये आजही पितळी पाटी आहे, ‘श्री गुलाटी यांच्या औदार्याने’. मला एक समोसा मिळाला. तोही गार.

नाव ठेवण्याआधी अर्थ बघावा, हे शहाण्यांनी सांगावं. मी ब्रोकर आहे. मी एवढंच म्हणेन की अर्थ उशिरा कळला तर त्याच्या बदल्यात काय मिळतं ते आधी बघावं. आणि जे मिळेल, त्यावरच्या पाटीचा मजकूर त्याच बैठकीत ठरवून घ्यावा.