मालकांचा फोटो आणि माझी ज्वारी

आमच्या चादरीच्या कारखान्यात एक रीत आहे. नव्या डिझाइनची पहिली चादर मागावरून उतरली की तिच्यासमोर नारळ फुटतो आणि ती जुन्या धोतरात गुंडाळून मालकांच्या कपाटात जाते. दसऱ्याला व्यापारी आले की मगच सोडायची, तोवर घरच्या माणसालाही दाखवायची नाही. कारण सोलापुरात डिझाइन आज कुणाच्या नजरेला पडलं की पंधरवड्यात शेजारच्या मागावर तेच सुरू. म्हणून मागांच्या शेडमध्ये मोबाईल न्यायलाही बंदी. दाराशी टोपली ठेवलीय, तिच्यात टाकायचा आणि आत जायचं. हा नियम मालकांनीच केलेला.

मी तिथं डिझाइन काढते. आधी कागदावर चौकटी रंगवायचे, आता कम्प्युटरवर. आजवर मोर इतके काढलेत, की मोर दिसला की मान फिरवते. यंदा मात्र हट्टानं ज्वारी काढली. माढ्याला आमच्या रानात हुरड्याच्या दिवसांत वाऱ्यानं ताटं एका अंगाला कलतात ना, तशी काठापासून मधापर्यंत कललेली कणसं. मालक बघून म्हणाले, "ताई, ह्या वेळी बाजार आपलाच की!" मला तर दसरा कधी येतो असं झालेलं.

आता मालकांविषयी. माणूस मोठा. वडिलांच्या दोन मागांवरून एवढा कारखाना उभा केला. मराठी, तेलुगू, कानडी, तिन्हीत भांडू शकतात. पण अलीकडे त्यांना पोस्ट टाकायचं वेड लागलं. सकाळी तळ्याकाठी फिरतानाचा फोटो, खाली 'संयम हेच भांडवल'. चहा गार आला म्हणून कॅन्टीन डोक्यावर घेणारा माणूस, आणि म्हणे संयम! आम्ही सगळे मुकाट्यानं अंगठा दाबायचो. नाही दाबला तर जेवणाच्या सुट्टीत विचारणा व्हायची, "ताई, आज बघितलं न्हाय व्हय?"

ज्वारीची पहिली चादर उतरली, नारळ फुटला, आणि त्याच दुपारी मालकांनी मागापुढं उभं राहून काढलेला फोटो टाकला. हात कमरेवर, मागं माझी ज्वारी पसरलेली, कणीस न् कणीस मोजून घ्यावं अशी. खाली लिहिलेलं, 'गुणवत्ता लपत नाही.' नाहीच लपली. दसऱ्याच्या आधीच शुक्रवार पेठेत एका दुकानाबाहेर माझी ज्वारी टांगलेली बघितली, भडक रंगात. दसऱ्याला व्यापारी आमची चादर उलगडून म्हणाले, "हे तर पेठेत मिळतंय. तुमी कधीपास्नं नक्कल करायला लागला?"

माझं डोकंच फिरलं. तडक केबिनमध्ये गेले.

"मालक, आमचे मोबाईल टोपलीत आणि तुमचा तेवढा खिशात? कशाला करता हे? तुम्हाला काय कमी आहे?"

वाटलं, गेली नोकरी. पण ते खुर्चीत जरा मागं टेकले.

"खरं सांगू का ताई? हितं मी शिंकलो तरी सगळे 'व्हय मालक' म्हणतात. तितं एकजण लिहितो, काका, तुमची चादर पहिल्या धुण्यात रंग सोडती. दुसरा म्हणतो, पोट आत घ्या की. लई बरं वाटतं बगा. कुणीतरी आपल्याशी बोलतंय असं वाटतं."

"मग मी बोलते की! तुम्ही चुकलात."

ते टेबलावरचा पेला उगाच इकडं-तिकडं सरकवत राहिले. मग म्हणाले, "बरोबर हाय, ताई. चुकलो." माझा निम्मा राग तिथंच उतरला. खरं सांगायचं तर कीव आली. एवढा मोठा माणूस, आणि 'पोट आत घ्या' ऐकायला आसुसलेला.

दसरा तर गेला, पण लग्नसराई हातची जाऊ द्यायची नव्हती. ती गेली असती तर पुढच्या वर्षी पुन्हा मोरच माझ्या नशिबी. मी करडई काढायला घेतली, केशरी-पिवळी फुलं, काट्यांसकट. काम संपलं त्या दिवशी मालक स्वतः माझ्या टेबलापाशी आले, चहा मागवला, मॅनेजरच्या हातात आपला मोबाईल दिला. "ताई, आपला एक फोटो काढू की. आठवण म्हणून." मी पदर नीट केला आणि छान हसले.

संध्याकाळी पोस्ट आली. 'आमच्या ताईंनी मला तोंडावर सांगितलं, तुम्ही चुकलात. चूक सांगणारं माणूस जपावं.' माझा ऊर भरून आला. सगळ्यांत आधी अंगठा मीच दाबला. कोण कुठले लोक माझं कौतुक करायला लागले, 'ताई, मानलं तुम्हाला!' अगं बाई, काय गोड लागतं ते! उगाच मालकांना बोलले, असंही मनात येऊन गेलं.

तेवढ्यात वैरागहून मावसबहिणीचा फोन. "अगं, लई भारी फोटो आलाय तुझा! आन् मागं कम्प्युटरवर ती करडई कसली झ्याक दिसतीय गं!"

मी फोटो बोटांनी मोठा करून बघितला. एकेक काटा दिसत होता.