नायिकेची चाल

रंगकाकांनी उभ्या आयुष्यात पुरुषांच्या बायका केल्या. फिरत्या नाटक कंपनीत ते रंगभूषेला होते. मिशी उतरवायची, गालांना लाली लावायची, डोक्यावर टोप बसवायचा, आणि मग सगळ्यांत अवघड काम उरायचं ते चालीचं. दाढीचे खुंट रंगाखाली दडतात, पण धसमुसळी चाल शेवटच्या रांगेतूनही दिसते. म्हणून काका एकेका दांडगटाला विंगेत फेऱ्या मारायला लावत आणि बजावत, "पाऊल आपटायचं नाही, ठेवायचं!" त्यांच्या हातची नायिका रंगमंचावर आली की पुढच्या रांगेतल्या बाया तिच्या केसांचा हेवा करत. माणसाचा हात खरोखर सोन्याचा. पंचाईत एवढीच, की कंपनी बंद पडली, आणि एवढी कला घेऊन काका घरी बसले. घरी मागच्या अंगणात काकूंच्या कोंबड्या होत्या.

कोंबड्या काकूंचा जीव की प्राण. पण त्यांना एक अट होती. भिंतीपलीकडे नर्सबाई राहायच्या. रात्रपाळी करून सकाळी यायच्या आणि जाड पडदे ओढून झोपायच्या. मागे एका कोंबड्यानं त्यांना भरदुपारी अंथरुणातून उठवलं, तेव्हा त्या विस्कटलेल्या केसांनिशी भिंतीपाशी आल्या होत्या.

"काकू, कोंबड्या खुशाल पाळा. पण पुन्हा एक जरी बांग ऐकली ना, तर नगरपालिकेत जाऊन सगळं खुराडं उचलायला लावीन."

कोंबडा ठेवणार नाही, असा काकूंनी शब्द दिला होता. आता नवी पिल्लं मोठी होत होती, आणि त्यांतले नर वेळेत ओळखून बेकरीवाल्याकडे धाडायचे होते. त्याचं आवार वस्तीबाहेर होतं. तिथं कुणी कितीही ओरडलं तरी चालण्यासारखं होतं.

काकूंची पारख साधी होती. ज्याचा तुरा लवकर लाल होतो आणि शेपटीच्या मुळाशी टोकदार पिसं ओघळतात, तो नर. पिसांची टोकं गोल, तर मादी.

काका खो खो हसले. "अगं, पिसं म्हणजे पोशाख! पोशाखाला फसायचं ते तिकीट काढून आलेल्यांनी. तू माणसाची चाल बघ."

"अहो, माणसं कुठायत? कोंबड्या आहेत त्या."

"तेच ते."

दुसऱ्या दिवशी काकांनी अंगणात लांब फळी टाकली, टोकाला दाणे ठेवले, खुर्ची मांडली आणि चष्मा पुसून परीक्षक झाले. एकेक पिल्लू फळीवरून सोडायचं काम अर्थात काकूंचं. एखादं छाती काढून चाललं, की काका लाल रंगाचं बोट त्याच्या पायाला लावत आणि म्हणत, "पुरुष! पुढची पाठव."

एक ठिपकेदार पिल्लू आधी सोडलेल्या सगळ्यांना टोचत, ढकलत दाण्यांपर्यंत गेलं.

"खलनायक," काका म्हणाले.

"अहो, पिसं बघा हिची, कशी गोल आहेत. बाई आहे ती."

"अशी चालणारी बाई मी आयुष्यात पाहिली नाही."

"मग माझ्याकडे कधी पाहिलंच नाही म्हणायचं," काकू म्हणाल्या. पण काकांनी रंग लावला होता.

मग आलं एक तांबूस, देखणं पिल्लू. मान किंचित कलती, पाऊल असं टाकी की जणू खाली कुणी झोपलंय. काका खुर्चीतून उठले. "नायिका! असं पाऊल कुणाला शिकवायला मला वर्ष लागायचं."

"तिचा तुरा बघा, टोमॅटोसारखा लाल झालाय."

"लाली आहे ती. सुंदर बायका लावतात."

आता काय बोलावं? ज्या माणसानं खोट्या चालीवर गावंच्या गावं फसवली, तोच चाल खोटी असू शकते हे विसरून बसला होता. त्याची स्वतःची कला त्याच्यावरच चालून आली, आणि त्यानं तिला उठून मान दिला.

लाल पायाचे तेवढे बेकरीवाल्याकडे गेले. नायिका राहिली. पुढे तिला विळ्यासारखं वाकडं, चकचकीत शेपूट आलं. काकू रोज ते दाखवत, काका रोज म्हणत, "भरजरी आहे, मत्सर करू नकोस."

आणि एका सकाळी, नर्सबाईंना झोप लागून जेमतेम तासाभरानं, नायिकेनं भिंतीवर उडी घेतली, मान ताणली आणि खणखणीत बांग दिली.

काकू भाजी टाकून धावल्या. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. त्यांनी नायिकेला खाली ओढून टोपलीखाली दाबलं. पलीकडे पडद्याच्या कड्या वाजल्या.

"काकू! कोंबडा आहे ना तुमच्याकडे?"

काका पुढे झाले. त्या एका क्षणी त्यांना बायकोचा चेहरा दिसला आणि बाकी काही सुचलं नाही. "तो मी होतो, बाई. जुनी सवय. आवाज मोकळा करत होतो."

नर्सबाईंनी हाताची घडी घातली. "असं? मग करा पुन्हा."

काकांनी छाती भरून घेतली, डोळे मिटले आणि बांग दिली. ती बांग कमी आणि दाराची बिजागरी जास्त वाटली. टोपलीतून मात्र तिला लगेच खणखणीत उत्तर आलं.

नर्सबाईंना हसू फुटलं. मग त्यांनाच त्या हसण्याचा राग आला. "संध्याकाळी मी कामावर जायच्या आत तो घराबाहेर पाहिजे. नाहीतर सगळ्या जातील."

काका स्वतः नायिकेला काखेत घेऊन बेकरीवाल्याकडे गेले. तिथं मैद्याच्या रिकाम्या खोक्यात त्यांचा खलनायक ऐसपैस बसला होता, आणि त्याच्या पोटाखाली ऊबदार अंडं होतं.

"तुमचा कोंबडा लई गुणी निघाला, काका," बेकरीवाला म्हणाला. "रोज घालतो."

"हा घे, आणि ती परत दे. चुकून आली ती."

"वा! कोंबडा म्हणून दिलात, कोंबडा म्हणून घेतला. आता अंडी घालायला लागला म्हणून परत मागता होय?"

नायिकेला ठेवून ते मोकळ्या हातांनी परत आले. काकूंनी फक्त त्यांच्या हातांकडे पाहिलं आणि चहा पुढे ठेवला. हे बोलणी खाण्यापेक्षा वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई कामावरून आल्या आणि दमल्या डोळ्यांनी भिंतीवरून वाकल्या. "काका, आता उरल्यात त्या सगळ्या कोंबड्याच ना? मी झोपू ना?"

अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. काकांनी त्यांच्या चालीकडे एकवार पाहिलं, तोंड उघडलं आणि घराकडे वळून हाक मारली, "अगं, बाहेर ये जरा. नर्सबाई विचारतायत."