ग्रेगारिओचं चाक

स्पेन देशातल्या एका सायकलपटूची कारकीर्द अख्ख्या हिंदुस्थानात कुणी जिवापाड सांभाळली असेल, तर ती माझ्या ताईच्या थोरल्या दिरांनी, अंधेरीच्या चाळीतल्या दोन खोल्यांत बसून. स्पेन कुठल्या दिशेला आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी एकदा नकाशात दाखवलं, तेव्हा त्यांनी बोटांनी अंतर मोजलं, मध्ये समुद्र लागतो म्हटल्यावर जरा हिरमुसले आणि ‘म्हणजे सायकलीन जमाचा नाय,’ एवढं म्हणून नकाशा परत दिला.

माणूस मूळचा मालवणकडचा. वडील अकाली गेले तेव्हा चौथीतून शाळा सोडून ते साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात लागले. धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या भाऊजींना, त्यांनी मॅट्रिक केलं, फोर्टातल्या कचेरीत चिकटवलं, त्याचं लग्न लावलं. स्वतःचं राहून गेलं. त्याबद्दल कुणी विचारलं तर ते सायकलीच्या चेनला तेल घालायला बसत.

ही सायकल रात्रंदिवस त्यांच्या उशाशी उभी असे. ताईला अंथरुणं घालताना तिच्या मागच्या चाकाला वळसा घालावा लागे. पाय लागला तर ते काही बोलत नसत, पण असे बघत की ताई आपणहून चाकाला नमस्कार करी. टायरमधली हवा ते बोटानं दाबून नव्हे, टिचकी मारून, कान लावून तपासत. सायकलीला घंटी मात्र नव्हती. चालणाऱ्या माणसाला घंटी वाजवून बाजूला करणं हा त्यांना उर्मटपणा वाटे. पुढं कुणी चालत असलं तर ते त्याच्या मागून त्याच्याच चालीनं सायकल नेत. मरोळच्या रस्त्यावर एकदा लग्नाची वरात आडवी आली, तर हे तिच्यामागून थेट मांडवापर्यंत गेले आणि जेवूनच घरी आले. भाऊजींना रोज सकाळी कॅरिअरवर बसवून स्टेशनवर सोडायचं, हा त्यांचा नेम. भाऊजी हेडक्लार्क झाले तरी नेम सुटला नाही. पुढं पुढं भाऊजी स्टेशनच्या थोडं अलीकडेच उतरायला लागले, आणि मागं न बघता झपझप चालत जायला लागले. हे तिथंच एक पाय टेकून, ते दिसेनासे होईपर्यंत उभे राहत.

आता स्पेनचं. अंधेरीत तेव्हा काही स्पॅनिश पाद्री राहत. त्यांचा स्वयंपाकी वेसाव्याचा. त्याची सायकल हे दुरुस्त करून देत आणि तो यांना सुके बोंबील आणून देई, पाद्र्यांच्या जुन्या वर्तमानपत्रात बांधून. असाच एक पुडा सोडताना त्यांना एक फोटो दिसला. डोंगरातला रस्ता, कडेच्या कठड्यावर बसलेला एक शर्यतवाला, आणि शेजारी त्याची सायकल, पुढचं चाक नसलेली.

मी त्या वेळी नुकताच बी.ए. झालो होतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी आजही ताठ मानेनं सांगतो. ते तर मला नावानं हाकच मारत नसत.

‘बीए,’ ते म्हणाले, ‘ह्याचा चाक खंय गेला रे?’

स्पॅनिशचा मला गंध नव्हता. पण अक्षरं इंग्रजीचीच होती, आणि मला येत नाही असं सांगणारा बी.ए. त्या चाळीत शोभला नसता. फोटोखाली ‘ग्रेगारिओ’ असा शब्द होता. वेसाव्यात ग्रेगरी नावाचे चार जण तरी माझ्या ओळखीचे होते. मी सांगून टाकलं, ‘याचं नाव ग्रेगारिओ. चाक चोरीला गेलंय.’

त्या दिवसापासून त्यांनी ग्रेगारिओला आपलं मानलं. बोंबलाच्या पुड्यामागून पुडे येत गेले, मी त्यांत ग्रेगारिओ शोधत गेलो, आणि तो सापडतही गेला. ते ती कात्रणं बोंबलाच्या वासासकट शंभर पानी वहीत डकवत. वहीवर त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘ग्रेगारिओ याची कारकीर्द’. परक्या माणसाला ‘यांची’ म्हणावं, असं मी सुचवलं. त्यांना ते पटलं नाही. ‘तो आपल्यातलो,’ म्हणाले.

कारकीर्द मोठी विचित्र होती. एका शर्यतीत ग्रेगारिओ दोन वेगवेगळ्या संघांतून धावला; मी छपाईची चूक म्हणालो. त्याचं आडनाव दर खेपेला बदले. स्पेनमध्ये आईचंही आडनाव लावतात, असं मी कुठंसं वाचलेलं ठोकून दिलं. नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल नव्हे, नेहमी लहान छापलेलं असे. माणूस साधा असेल, म्हणालो. चेहऱ्याचं त्यांनी स्वतःच सोडवलं. कधी टक्कल, कधी मिशी, कधी नाकच निराळं, पण त्यांचं म्हणणं, डोंगर चढताना माणूस बदलतो. एक गोष्ट मात्र त्यांना खात होती. एवढी वर्षं पळून हा पहिला कसा येत नाही? मग आपणच उत्तर देत, चाक चांगलं नसेल.

आणि त्यांनी चाक करायला घेतलं. वर्कशॉपातून सुटून आले की आधी आंघोळ, मग चाक. रिम गोरेगावच्या एका जुन्या दुकानातून मिळवली. आरे एकेक करून निवडले, हातानं ओवले. चाकाचा आउट, म्हणजे डुलणं, काढण्यात चार महिने गेले. चाक फिरवायचं, डोळा बारीक करून बघायचं, आरा अर्धा आटा पिळायचा, पुन्हा फिरवायचं. अखेर एका रविवारी त्यांनी ते चाक माझ्यासमोर फिरवलं. ते किती तरी वेळ फिरत राहिलं, आणि फिरतंय की उभं आहे हे कळत नव्हतं. ताई चहा घेऊन दारातच थांबली.

‘पत्तो लिही,’ ते म्हणाले. ‘इंग्लिशीत. ग्रेगारिओ, स्पेन, पुढचा तुका ठावक.’

मला पुढचं काहीच ठाऊक नव्हतं. वही घेऊन मी पाद्र्यांकडे गेलो. त्यांतल्या एका म्हाताऱ्याला उत्तम मराठी येत होतं. त्यानं वही पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश पाहिली. तो हसेल अशी माझी अपेक्षा होती. तो हसला नाही.

‘हे नाव नाही,’ तो म्हणाला. ‘हे काम आहे.’

मग त्यानं समजावून सांगितलं. प्रत्येक संघात एक मुख्य गडी असतो. बाकीचे त्याच्यासाठी धावतात. त्याला पाणी आणून देतात, समोरचा वारा आपल्या छातीवर घेऊन त्याला मागं आडोसा देतात, आणि त्याचं चाक फुटलं तर आपलं काढून देतात. त्यांतल्या प्रत्येकाला ग्रेगारिओ म्हणतात. फोटोतल्या माणसाचं चाक चोरीला गेलं नव्हतं.

तीन दिवस मी ताईकडे फिरकलो नाही. आपलं अज्ञान कळल्याची लाज तर होतीच, पण खरी भीती निराळी होती. चार महिने एका माणसासाठी चाक बनवलेल्या माणसाला, असा कुणी माणूसच नाही, हे सांगायचं कसं? चौथ्या दिवशी गेलो. चाक गोणपाटात शिवून तयार होतं, नुसता पत्ता घालायचा बाकी होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. मला स्पॅनिश येत नाही, हेसुद्धा.

ते ऐकत होते. गोणपाटाच्या टाक्यावरून अंगठा फिरवत राहिले.

‘म्हणजे चाक चोरीक गेला नाय.’

‘नाही. त्यानं दिलं.’

‘आणि असे पुष्कळ आसत म्हणतंस.’

‘प्रत्येक संघात सात-आठ तरी.’

‘बरा झाला,’ ते म्हणाले. ‘मी तेका एकटोच समजी होतंय.’

त्यांनी टाके उसवले, चाक बाहेर काढलं आणि खिळ्याला टांगलं. मला एका शब्दानं बोलले नाहीत. हाकही ‘बीए’ अशीच मारत राहिले. ती ऐकताना मला मात्र त्यानंतर कधी पहिल्यासारखं वाटलं नाही.

घोडबंदर रस्त्यानं तेव्हा वर्षातून एकदा उपनगरांतल्या पोरांची सायकल शर्यत निघे. त्या वर्षापासून ते आपलं चाक खांद्याला अडकवून गोरेगावापाशी मैलाच्या दगडावर जाऊन बसायला लागले. कुणाचं फुटलं तर असावं म्हणून. दोन वर्षं चाक तसंच परत आलं. तिसऱ्या वर्षी ते हात हलवत घरी आले. चाक कुणाला दिलं, म्हणून मी विचारलं. त्यांनी नावच विचारलं नव्हतं. पोरगा पहिला आला का, तेही त्यांना ठाऊक नव्हतं. तो दिसेनासा होईपर्यंत ते बघत उभे होते, एवढंच म्हणाले.

ते गेल्यावर ताईनं ती वही माझ्याकडे दिली. बोंबलाचा वास अजून आहे. वरचं नाव त्यांच्याच अक्षरात, पेन्सिलीचं, पुसट झालेलं. फक्त ‘या’च्या डोक्यावर मागाहून एक टिंब दिलेलं आहे, शाईचं, ठळक. ग्रेगारिओ यांची कारकीर्द.

ते टिंब मान देण्यासाठी असेल, किंवा पुष्कळ जण आहेत म्हणून असेल. व्याकरणाला दोन्ही चालतं. मी बी.ए. आहे, पण आता अर्थ सांगत नाही.